मला कुठे येते आखणी!

"ओळखलंस का मला?" या प्रश्नाची मला चीड आहे. कायमची. कोणी आजारी माणसाच्या उशाशी वाकून हे विचारायला लागलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझा धाकटा भाऊ मेंदूज्वरातून उठून घरी आला, तेव्हा त्याला बघायला सगळं गाव लोटलं. येणारा प्रत्येक जण आपलं तोंड त्याच्या तोंडापुढे नेऊन हाच पेपर त्याला सोडवायला द्यायचा. शेजारची म्हातारी काकी तर त्याची हनुवटी धरून म्हणाली, "वलखलास का रं मना?" आणि गंमत अशी, की तो सगळ्यांना ओळखायचा. "काकी, तुला नाही ओळखणार? बस ना, चहा घे." काकी डोळे पुसत बाहेर आली आणि ओटीवर तिने जाहीर करून टाकलं, की पोरगा ठणठणीत आहे, हे डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. ती आमची पायरी उतरून जाते न जाते तोच आत भाऊ मला विचारत होता, "ताई, हा उष्टा कप कोणाचा गं? कोणी आलं होतं का?"

तर असं होतं. जुनं सगळं जागच्या जागी. शाळेतले मास्तर, स्वतःच्या टेम्पोचा नंबर, वडखळला कुठल्या टपरीवर वडा ताजा मिळतो, मांडव्याला रो-रो बोटीवर टेम्पो चढवताना कुठे जपावं लागतं, सगळं. दर वर्षी माझ्या सासरच्या कारखान्यातले गणपती तोच मुंबईला पोचवायचा. त्यातली एकेक खेप तो रंगवून सांगायचा. पण आजारानंतरचं काही म्हणता काही टिकेना. जेवून हात धुतला की विचारायचा, जेवायला किती वेळ आहे. डॉक्टरांनी मला मेंदूचे फोटो दाखवून समजावलं. आत दोन्ही बाजूंना एक इवलीशी जागा असते, नवीन घडलेलं आधी तिथे धरून ठेवलं जातं आणि मग पक्कं होतं. तापाने नेमकी तीच जागा खाल्ली. बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, स्वभाव शाबूत. मी विचारलं, ती जागा परत भरून येईल का? "तशी आशा ठेवू नका," ते म्हणाले. सरळ बोलले म्हणून मला तो माणूस आवडला.

भावजय एका खासगी दवाखान्यात कामाला जाते. घरात तो एकटा. एकदा गॅसचा खटका तसाच चालू सोडून अंगणात जाऊन बसला. शेजाऱ्यांना वास आला म्हणून निभावलं. त्यानंतर भावजयीच्या पनवेलच्या भावाने कर्जतच्या बाजूची एक संस्था शोधून काढली. अशा माणसांची कायमची राहायची सोय करतात, म्हणे. मोठी बाग आहे, म्हणे. मी म्हटलं, "आमच्याकडे काय वाळवंट आहे?" भावजय रडायला लागली. "ताई, मी कामावर जाऊ की यांच्यावर नजर ठेवू? तुम्हीच सांगा." तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पगार आणायचा कोणी? पण माझा भाऊ चाळिशीच्या आत कुठल्यातरी बागेत बाकावर नेऊन बसवायचा आणि भेटायच्या दिवशी जाऊन विचारायचं, ओळखलंस का मला? शेवटी असं ठरलं, की गणपतीपर्यंत तो दिवसभर माझ्याकडे कारखान्यात राहील. तिथे त्याचं काही बस्तान बसलं तर बसलं. नाहीतर गणपती झाले की संस्था.

आमचा कारखाना म्हणजे पेणच्या बाजूला खाडीच्या अंगाने गावोगाव असतात तसाच. पत्र्याची लांबलचक शेड आणि फळ्यांवर ओळीने बसलेले गणपती. मूर्ती साच्यातून निघाली की घासायची, अंगाचा रंग द्यायचा, मग पितांबर, मग दागिने. सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे काढणं. आखणी मी करते. सासऱ्यांनी शिकवली मला. सुनेच्या हातात आखणीचा ब्रश दिला म्हणून तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली होती, त्यांचेच गणपती आता माझ्या हातून जातात. डोळे काढून झाले की समोर पाटावर बसून बघायचं, देव आपल्याकडे बघतोय का. "बघतोय," असं तोंडातून आलं की मूर्ती तयार. नाहीतर पुसा आणि परत काढा.

भावाला मी आधी पितांबर रंगवायला बसवलं. म्हटलं, सोपं काम आहे, एकच रंग, चुकण्यासारखं आहे काय त्यात? कपाळ माझं! पिवळा हात मारून तो उठायचा, चहा प्यायचा आणि परत येऊन बसला की समोर मूर्ती. की मारला अजून एक हात. बाजूला तांबड्याचा डबा उघडा दिसला की त्याला वाटायचं, तांबडाच द्यायचा असणार. एका गिऱ्हाइकाच्या मूर्तीचं पितांबर आधी पिवळं झालं, मग तांबडं झालं आणि त्यावर परत पिवळं. वर रंगाचे पापुद्रे आले. नेमकं ते गिऱ्हाईक आलं आणि शेड डोक्यावर घेतली. "वेड्या माणसाला कशाला बसवता हो देवाच्या कामाला?" मी ब्रश खाली ठेवला आणि त्याला दार दाखवलं. दुसरीकडे मिळतात गणपती, तिकडे जा. नवरा कपाळाला हात लावून बसला, कारण गिऱ्हाईक जुनं होतं. पण माझ्या भावाला वेडा म्हणायचं नाही, बस्स.

वाईट एवढंच झालं, की भावजय त्याचा घरी राहिलेला डबा घेऊन तेव्हाच दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं, ती मूर्ती बघितली, डबा फळीवर ठेवला आणि आल्या पावली गेली. मोसमभर ती परत कारखान्यात फिरकली नाही. तिच्या मनात जे बसायचं ते बसलं.

भाऊ ते भांडण थोड्याच वेळात विसरला. गिऱ्हाईक गेलं, शब्द गेले, सगळं गेलं. पण दुपारभर तो कोपऱ्यात तोंड पाडून बसून होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "ताई, मला कसलं वाईट वाटतंय गं?" काय सांगू त्याला? दुःखाचं कारण पुसून गेलं होतं आणि दुःख मात्र तसंच राहिलं होतं. मी त्याला कैरीचं लोणचं आणि भाकरी दिली, त्याच्या टेम्पोच्या गोष्टी काढल्या, तेव्हा कुठे तो हसला. त्या दिवशी मी एक गोष्ट मनात पक्की केली. वाईट वाटलेलं जर असं मागे राहत असेल, तर चांगलं वाटलेलंही राहणार. मग ते आणायचं कुठून, एवढंच शोधायचं होतं.

ते मला शटरने दाखवलं. भाऊ आजारातून उठल्यानंतर आम्ही शेडला नवीन शटर बसवून घेतलं होतं, आणि बसवणाऱ्या बाबाने ते वाकडं बसवलं होतं. आधी डाव्या कोपऱ्याला गुडघा द्यायचा, मग हँडल आपल्याकडे ओढायचं आणि तसंच धरून वर ढकलायचं. एवढं केलं तर उघडतं. नवरा अजून त्याच्याशी रोज कुस्ती खेळतो. एका सकाळी माझे दोन्ही हात सामानाने भरलेले होते. भाऊ पुढे झाला, त्याने गुडघा दिला, हँडल ओढलं आणि शटर सर्रकन वर. मग वळून मला म्हणाला, "मस्त शटर आहे की. कधी बसवलंत?"

मी हातातलं सामान तिथेच खाली ठेवलं. "अरे, तुला कसं जमलं ते उघडायला?"

"शटर काय, असंच उघडतात," तो म्हणाला, मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखा.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, आठवण म्हणजे एकच एक वस्तू नाही. काय घडलं हे धरून ठेवणारी जागा गेली. पण हाताला जी सवय लागते तिची जागा मेंदूत वेगळी, ती याची धडधाकट आहे. शिकवलेलं आठवणार नाही, तरी येईल. "फक्त त्याला चुकू देऊ नका," ते म्हणाले. "आपण चुकलो की ते लक्षात ठेवून पुढच्या वेळी टाळतो. त्याच्या लक्षात राहणार नाही, पण हात मात्र ती चूक शिकून बसेल."

मग मी पदर खोचला. पितांबराचं काम त्याला का जमलं नाही, हे आता मला लख्ख कळलं. पितांबराला पहिला हात झालाय की दुसरा, हे माणसाला ध्यानात ठेवावं लागतं. त्याच्याकडे तेच नव्हतं. म्हणजे असं काम हवं, की जे बघितल्या बघितल्या सांगेल, माझं किती झालंय आणि किती राहिलंय. डोळा नसला तर काढायचा आहे. एक असला तर दुसरा राहिलाय. दोन्ही असले तर झालं. याहून सोपं काय असतं? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू पण आजारी आहेस का? कारखान्यातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते याला?" मी म्हटलं, "अवघड हाताला आहे. हात ठीक आहे त्याचा."

फुटक्या मूर्ती आमच्याकडे कोपऱ्यात पडलेल्याच असतात. त्यातली एक घेऊन मी त्याच्यापुढे ठेवली आणि बारीक ब्रश दिला. तो दचकलाच. "ताई, मला कुठे येते आखणी! मी टेम्पोवाला माणूस." "बघ करून," मी म्हटलं. मी आधी पेन्सिलीने ठिपके द्यायचे, त्याचा हात धरून वरची रेघ ओढायची, पापणी, मग बुबुळ. हात चुकीकडे वळतोय असं दिसलं की तिथेच धरायचा. तरी एकदा मी बाहेर फोनवर बोलत राहिले आणि तेवढ्यात त्याने डावा डोळा जरा वर काढला. पुढे कितीतरी दिवस त्याचा डावा डोळा वरच जायचा. ती एक चूक हातातून काढताना माझ्या नाकी नऊ आले. त्यानंतर मी त्याच्या बाजूचा पाट सोडला नाही.

रोज सकाळी तेच. "मला कुठे येते आखणी!" "बघ करून." आणि रोज हात कालच्यापेक्षा पुढे गेलेला. पेन्सिलीचे ठिपके गेले, माझा हात गेला. मग एक दिवस त्याने फुटक्या गणपतीला एका दमात असे डोळे काढले, की मी पाटावर बसले आणि माझ्या तोंडातून आपोआप आलं, "बघतोय." तो ब्रश हातात धरून बघत राहिला. "हे मी केलं?" "तूच केलंस." "आयला!" तो म्हणाला आणि लहान पोरासारखा खो खो हसला. उद्या तो परत तसाच थक्क होणार होता. लोकांना याचं वाईट वाटतं. मला नाही वाटत. पहिला डोळा जमल्याचा आनंद मला आयुष्यात एकदाच मिळाला, त्याला रोज मिळत होता.

पुढे तो चांगल्या मूर्तींना बसला. मी मागून एकेक तपासायची. पुसावी लागली अशी मूर्ती क्वचितच. गिऱ्हाइकं उचलून नेत होती आणि माझ्या हाताची तारीफ करत होती. मी त्याच्याकडे बोट दाखवायची, तर तो कानाला हात लावायचा. "छे छे, ताईच करते."

आणि इथेच घोडं अडलं होतं. संध्याकाळी घरी गेला की भावजय विचारायची, आज काय केलंत? तो प्रामाणिकपणे सांगायचा, "काही नाही. ताईकडे नुसता बसलो होतो." मी तिला फोन करून सांगितलं, अगं, तुझा नवरा आखणी करतो. ती म्हणाली, "ताई, तुमची माया मला कळत नाही का? पण मी ते पितांबर डोळ्यांनी बघितलंय." नवऱ्याने सुचवलं, व्हिडिओ काढून पाठव. मी साफ नाही म्हटलं. माझ्या भावाचे पुरावे मोबाइलवर फिरवायचे नाहीत मला. आणि पाठवला असता तरी तिला वाटलं असतं, हात धरून करून घेतलंय. एवढं मात्र ती एकदा बोलून गेली होती, "हल्ली घरी येतात ते गाणं गुणगुणत येतात. कशाने खूश असतात कोण जाणे."

हरतालिकेच्या दिवशी दुपारी मी तिच्या घरचा गणपती घेऊन निघाले. भाऊ रिक्षात माझ्या बाजूला बसला होता, मूर्ती माझ्या मांडीवर, देवाच्या तोंडावर नेहमीसारखा रुमाल. मखर तयार होतं, दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. भावजयीचा पनवेलचा भाऊही आला होता. ओटीवर चप्पल काढताना त्याने मला हळूच सांगितलं, की संस्थेत जागा झाली आहे, विसर्जन झालं की तो गाडी घेऊन येईल.

भावजयीने ओवाळलं आणि रुमाल काढला. मूर्तीला डोळे नव्हते.

"अहो ताई! हे काय? विना आखणीचा देव घरात आणलात?"

"आणला," मी म्हटलं. "आखणी इथे होईल." आणि पिशवीतून ब्रश आणि रंग काढून भावापुढे ठेवले.

खरं सांगते, वरून मी कितीही ताठ असले तरी जीव टांगणीला लागला होता. शेडच्या बाहेर त्याने कधी ब्रश धरला नव्हता. ती जागा नाही, तो उजेड नाही, तो रोजचा पाट नाही. इथे हात आला नसता तर सणाच्या घरात देवाचं तोंड बिघडलं असतं आणि माझ्या भावाचं नशीब तिथल्या तिथे ठरलं असतं. आमच्यात कोणी असं करत नाही. सासरे असते तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं.

भाऊ मूर्तीकडे बघून हसला. "ताई, मला कुठे येते आखणी! मी टेम्पोवाला माणूस."

"बघ करून."

"राहू द्या ना ताई," पनवेलचा पुढे झाला. "देवाची चेष्टा कशाला? मी पेणहून दुसरी मूर्ती..."

"तुम्ही जरा गप्प बसा," मी म्हटलं.

भावाने ब्रश उचलला. थांबला. ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठाला टेकवला, टोक बारीक केलं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग डावा हात मूर्तीच्या गालाखाली आधाराला गेला आणि मला कळलं, हात आला. वरची रेघ एका झटक्यात गेली. पापणी. बुबुळ. दुसरा डोळा. मखरातल्या दिव्यांचा उजेड त्याच्या बोटांवर चमकत होता आणि बोटं जराही थरथरत नव्हती. भावजय तबक हातात धरून तशीच उभी होती. तिला ते खाली ठेवायचंही सुचलं नाही. मी डोळ्यांना पदर लावला, लपवायचं काय त्यात?

शेवटी त्याने ब्रश पुसून बाजूला ठेवला आणि हात धुवायला मागच्या दारी गेला. तिकडे काकी कुंपणाशी उभी होती, तिच्याशी त्याच्या गप्पा रंगल्या. आत भावजय हळूच मखरापुढच्या पाटावर बसली आणि तिने वर देवाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

भाऊ टॉवेलला हात पुसत आत आला. मखराकडे नजर गेली आणि तो थबकला. बायकोच्या शेजारी जमिनीवर बसला, मान जरा इकडे केली, जरा तिकडे केली.

"बघतोय गं, ताई," तो म्हणाला. "कोणी केली आखणी?"

रोज मी सांगते, तूच. त्या दिवशी मी नुसतं भावजयीकडे बघितलं.

"कोणी का असेना," तो म्हणाला, "हात फार चांगला आहे. या माणसाला सोडू नका."

भावजयीने त्याचा हात आपल्या हातात घेतला. नखाच्या कडेला काळा रंग राहिला होता, त्यावरून तिने अंगठा फिरवला.

"नाही सोडत," ती म्हणाली.